खाडीत रोवलेली काडी

बाबा, या मे महिन्यात मी मायला समुद्र दाखवून आणला. ताईच्या नवऱ्याला कोकणात मास्तरची नोकरी लागली, हे तुमच्यानंतरचं. त्यांच्या गावाजवळ खाडी समुद्राला मिळते आणि ओहोटीला तिच्या मधोमध वाळूचा लांब पट्टा उघडा पडतो. भाऊजींनी मला गळ, दोरी आणि आमिषाला मूठभर कोळंबी दिली. मायला घेऊन मी घोटाभर पाण्यातून त्या पट्ट्यावर गेलो. ती वाळूवर बसली, चपला मांडीवर घेऊन.

देऊळघाटला असताना उन्हाळ्यात आपण धरणावर जायचो, तेव्हा गळ टाकायच्या आधी तुम्ही पाण्याच्या काठाला काडी रोवायचे. पुढच्या खेपेला पाणी किती हात मागं सरलं ते बघून मासा कुठल्या डोहात असेल ते सांगायचे. मी एकदा ती काडी खेळता खेळता उपटली, तर तुम्ही केवढ्यानं ओरडला होतात. "काऊन उपटली बे? उन्हायात पानी उतरतेच, पन किती उतरलं हे काडीच सांगते!" नववीत शाळा सुटली, वर्षभरात तुम्ही गेलात. तेव्हापासून तुम्ही शिकवलेलं तेवढंच मी पक्कं धरून आहे. बाकी सगळ्याची मला धास्ती वाटते. गॅस बंद केला का, हे तीनदा बघतो.

खाडीतही मी काडी रोवली. थोड्या वेळानं पाहिलं, पाणी तिच्यापासून हातभर मागं गेलेलं. माय म्हणाली, "पानी वाढते म्हंतात ना इथं?" मी म्हणालो, "उन्हायात उतरतेच, बाबा म्हनत." आणि काडीकडं बघणं सोडलं. वाळूतले शिंपले, तिथं त्यांना तिसऱ्या म्हणतात, ते वेचणाऱ्या बाया पाट्या डोक्यावर घेऊन किनाऱ्याकडं निघाल्या, तेही मी नुसतं पाहिलं. माझ्या गळाला तांबोशी लागली होती.

माय ओरडली तेव्हा मी वळलो. आमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये, जिथून चालत आलो तिथं, पाणी जोरानं आत शिरत होतं. काडी दिसत नव्हती. मायला पोहता येत नाही, मलाही नाही. त्या बायांतली एक पाटी ठेवून परत आली. "भरती इली, दिसना नाय? खयचे तुम्ही?" मी म्हणालो, "बुलढाण्याचे." "मगे बरोबर," म्हणत तिनं मायचा हात धरला. "पाय उचलू नको, घासत चल." पाणी मायच्या कमरेच्या वर आलं. मी दुसऱ्या बाजूनं तिचा दंड इतका घट्ट धरला होता, की नंतर तिथं बोटं उमटली होती.

किनाऱ्याला लागल्यावर माय ओल्या लुगड्यातच बसली आणि हसत सुटली. "तुह्या बापानं समुद्र कुठी पाह्यला होता रे!"

बाबा, ते ऐकून मला किती हलकं वाटलं, सांगता येत नाही. तुम्हालाही एखादी गोष्ट ठाऊक नव्हती. मग मला सगळं ठाऊक नसलं तरी चालत असेल.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, मायलाही नाही. एक सांगायचं राहिलं. कमरेइतक्या पाण्यात मी तुम्हाला शिवी दिली, मोठ्यानं. मायनं ऐकली. ताईच्या घरी येऊन मी माफी मागायला लागलो, तर ती लुगडं पिळता पिळता म्हणाली, "दे रे. म्या का कमी देल्ल्या?"