एक कोटी एकला भाग कशानं जातो

ती. दादाभाऊ दाजींना लोणीहून गोरखचा नमस्कार. पायाचं प्लास्टर कसं आहे? ताईला विचारलं की ती म्हणते, पाय बरा आहे, माणूस अवघड झालाय. स्थळ तुम्ही आणलं आणि ऐन पाहण्याच्या दिवशी शिडीवरून पडलात, म्हणून आळ्याला मुलीच्या घरी काय झालं ते कळवतो. (फोनवर बोललो की तुमच्याकडं सगळं घर कान देतं.)

पोहे आले, मुलगीही आली. अश्विनी बोलायला सरळ आहे. कॉलेजात गणित शिकवते. आपल्या मोहितच्या परिचयपत्रात 'आवड : गणित' असं वहिनीनं जागा भरायला घातलं होतं, तेच तिनं धरलं. म्हणाली, "एक कोटी एक, या संख्येला कशानं भाग जातो?" मोहित ऐटीत म्हणाला, "कशानंच नाही. मूळ संख्या आहे." (म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानंच भाग जात नाही ती.) ती म्हणाली, "बघा बरं करून."

मग बाळासाहेबांनी आपल्या पोराची बाजू राखायला मोबाइल काढला. तीननं जाईना, सातनं जाईना. मुलीच्या वडिलांनी नऊनं दोनदा करून पाहिलं. पोहे गार झाले. मोहित मात्र कागदावर मांडत गेला आणि अकराशी थांबला. बाकी शून्य, भागाकार नऊ लाख नऊ हजार एक्याण्णव. कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "मी चुकलो. अकरानं जातो."

दाजी, 'मी चुकलो' हे शब्द आपल्या घरात कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. बाळासाहेब त्याच्याकडं परक्याचं पोर असल्यासारखं बघत राहिले. अश्विनीनं विचारलं, "आणि हे जे उरलं, नऊ लाखांचं, त्याला?" तो म्हणाला, "आता तपासल्याशिवाय बोलणार नाही." ती पहिल्यांदा हसली. नऊशे त्रेपन्नपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे, त्यापुढं बघायची गरज नसते, असं तिनं समजावलं. मग दोघं ओट्यावर भागाकार करत बसली. आम्ही जाईना म्हणून मुलीच्या आईला, मंगलबाईंना, शेवटी पिठलं टाकावं लागलं. पसंतीचं विचारलं तर ती म्हणाली, "तपासून झालं की सांगते."

परतताना बाळासाहेब जीपमध्ये म्हणाले, "आमी सून बघाया आलतो का परीक्षेला बसाया?" तेव्हापासून रोज संध्याकाळी मोहित गच्चीवर फोन लावून तिच्याबरोबर भागाकार करतो. अजून सहाशेच्या आसपासच आहेत म्हणे. भाग गेला की फोन थांबतील, म्हणून वहिनीनं कुठल्याच आकड्यानं भाग जाऊ नये असा नवस बोललाय.

ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
गोरख

ता.क. खरं काम हे. बाळासाहेबांनी मंचरचं दुसरं स्थळ काढलंय आणि आळ्याला नकार तुमच्या तोंडून कळवायचा बेत आहे. ते रविवारी तुमच्याकडं येतील. तेव्हा डॉक्टरांनी बोलायलाही बंदी केलीय असं ताईला सांगायला लावा.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवताना मोहित आला. म्हणाला, काका, ती नऊ लाखांची मूळ संख्याच आहे, आमचं दुसऱ्याच दिवशी तपासून झालं. मग रोज काय भागता, असं विचारलं तर खाली बघून म्हणाला, "काय न्हाई. बोलतो." हे कुणाला सांगू नका. वहिनीचा नवस चालू राहू द्या.