प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली छागल

बाबा, गाडीची किल्ली सापडत नाही म्हणून आमचं निघणं खोळंबलंय. हे खाली पार्किंगमध्ये वाकून वाकून शोधताहेत, आणि वर मी स्वयंपाकघरात, भरलेल्या पिशव्यांच्या मधोमध बसून तुम्हाला लिहितेय. कोथरूडहून दापोली, ताम्हिणी घाटातून. लोक शनिवार-रविवारी सहज जाऊन येतात. मी मात्र कालपासून धास्तावलेय, आणि सांगावं असं तुमच्याशिवाय कुणी आठवत नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणूनच लिहिता येतोय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची नात तुम्हाला फोटोतूनच ओळखते.

तिच्याबद्दलच सांगायचंय. बारा वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिला डायबिटीस निघाला, लहान मुलांना होतो तो, ज्यात जन्मभर इन्शुलिन टोचून घ्यावं लागतं. साखर वाढली तर वाईट, आणि एकदम उतरली तर त्याहून वाईट. घामाने भिजते, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. तेव्हापासून आम्ही गावाला म्हणून कुठे गेलोच नाही. उन्हाळ्यात फक्त लोणी काळभोरला नात्यातल्या लग्नाला गेलो. औषध उन्हाने खराब होऊ नये म्हणून मी इन्शुलिनची पेनं बर्फात गच्च खुपसून नेली. ती गोठली. गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही, हे मला संध्याकाळी डॉक्टरांकडून कळलं. तोवर तिने मांडवात टोचून घेतलं होतं, सगळ्यांसोबत जेवली होती, आणि साखर चढतच गेली होती. परतताना ती मागच्या सीटवर उलट्या करत होती आणि मी तिचं डोकं धरून देवाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

आता तिला समुद्र बघायचाय. डॉक्टर म्हणाले, खुशाल जा. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. तर म्हणाली, "मागच्या वर्षीपण हेच म्हणाली होतीस. त्यापेक्षा मला बरणीत घाल आणि फडकं बांधून फळीवर ठेव. लोणच्यासारखी मुरेन तरी." हे हसले. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही, मी उठून पिशव्या भरायला लागले. साखर मोजायचं यंत्र, त्याच्या पट्ट्या, सुया, आणि यातलं प्रत्येक दुसऱ्या पिशवीतही, एक हरवली तर म्हणून. ग्लुकोजची पावडर पुढच्या सीटपाशी, मागच्या सीटपाशी आणि माझ्या पर्समध्ये. लिंबं, ओवा, दशम्या, सुती कपडे, जास्तीचे मोजे, कारण पायाला साधा फोडही तिला चालायचा नाही. भरलं, काढलं, परत भरलं. कितीही भरलं तरी काहीतरी राहिलंय असं वाटतं, आणि जे राहिलंय तेच नेमकं घाटात लागणार.

तुम्ही कसे निघायचात? मांजरी गावात राहायला होतो तेव्हाचा तो मे महिना. साहेबांना विचारून तुम्ही ऑफिसची जीप आणलीय, आणि बाजूला जाड कापडाची छागल टांगलीय, पाण्याने टम्म भरलेली. आई दशम्या बांधतेय. छागलीतून थेंब थेंब गळतंय. मला भीती, कोकण येईपर्यंत पाणी संपलं तर? मी गुपचूप तिला प्लास्टिकच्या कागदात गुंडाळते आणि सुतळीने आवळून टाकते. घाटात तुम्ही जीप थांबवता, सगळ्यांना खाली उतरून पाय मोकळे करायला लावता, छागल उघडता. पाणी कोमट, वास मारणारं. मला वाटलं, आता धपाटा बसणार. तुम्ही नुसतं म्हणालात, "झिरपतंय म्हून तर गार राहतंय, पोरी. कोंडून ठिवलंस आन् घालवलंस." मग ते पाणी इंजिनात ओतलंत, वाटेवरच्या घरातून छागल परत भरून आणलीत, आणि माझ्या खिडकीशी उघडी टांगलीत. मी सगळा घाटभर गळणारे थेंब बघत बसले.

काल संध्याकाळी लेकीने माझ्या हातून बर्फाचा डबा काढून घेतला. कुंभाराकडून आणलेल्या छोट्या मडक्यात पेनांची डबी ठेवली आणि बाहेरून ओलं फडकं गुंडाळलं. मी म्हटलं, हे काय नवीन? म्हणाली, "नवीन कुठलं? आजोबांची छागल. तूच सांगितलं होतंस ना." मी मडक्यात हात घालून बघितला. आत छान गार होतं, बाबा. आणि तरी माझा जीव थाऱ्यावर आला नाही. उलट जास्तच घाबरले, कारण आता थांबायला कारणच उरलं नाही.

आत्ताच ती येऊन दारात उभी राहिली होती. फडकं ओलं करायला आली होती. नळ बंद करता करता म्हणाली, "आई, पप्पांना वर बोलाव. बिचारे गाडीखालीसुद्धा बघून आले." मी म्हटलं, सापडेल गं. तर म्हणाली, "सापडेल कशी? पहाटे साखर मोजायला उठले होते मी. पाहिलंय तुला." माझी मान खाली. "मी नाही सांगणार त्यांना," ती म्हणाली, "पण काढायची तूच." आणि मडकं पोटाशी धरून गेली.

मीच लपवली, बाबा, तांदळाच्या डब्यात. डबा आता मांडीवर घेतलाय. एक हात कोपरापर्यंत तांदळात आहे, दुसऱ्याने हे लिहितेय. किल्ली बोटांना लागलीय. मूठ अजून बाहेर काढवत नाही.