टाचण्यांचा ओढा

४ मार्च
पोहोचलो एकदाचा! लंबासा शहरातून ट्रकमध्ये उभ्याने येऊन पाठीचा भुगा झाला, पण गाव बघून शीण पळाला. ओढ्यावरून गावात येणारी पाइपलाइन दुरुस्त करायची, एवढंच काम. रीतीप्रमाणे भेट म्हणून यांगोनाची मुळं, ज्यांचं इथे पेय करतात, घेऊन मुखियाकडे गेलो, तर समोर बुबू लैसानी. इथे मुखिया हीच आजी. गावात एकही पुरुष दिसला नाही; कुठे आहेत, विचारलं. म्हणाली, "गेले सगळे सुवाला, कामाला. तू जेव आधी, काटकुळ्या!" नारळाच्या रसातली मासळी आणि दालोचे उकडलेले कंद पोटभर वाढले.

५ मार्च
विलिसी नावाची तरणी बाई कोयत्याने झुडपं तोडत ओढ्यापर्यंत घेऊन गेली. दाट सावली, गार पाणी आणि नेच्यांवर काळ्या, बारीक टाचण्याच टाचण्या, चतुरांच्या जातीचे ते सुईसारखे किडे. एकूणएक मादी. देठात शेपटी खुपसून अंडी घालत होत्या. "नर शोधू नका दादा, इथे टिकत नाहीत," म्हणत विलिसी हसली. मीही हसलो.

८ मार्च
कंबरभर पाण्यात काम. टाचण्या मानेवर, हातांवर येऊन बसतात, हाकललं तरी उडत नाहीत. मनगटावर शिवणीच्या टाक्यांसारखी टोचल्याची रांग उठली आहे. विलिसीला दाखवली. ती दोन पावलं मागे सरली आणि माझं जेवण पायरीवर ठेवून निघून गेली.

९ मार्च
आज यांगोना प्यायला कुणी बोलावलं नाही. मला बघून बायका दारं लावून घेतात. बुबूला ट्रक कधी येणार विचारलं, तर म्हणाली, "आता ट्रक कशाला?"

११ मार्च
ताप. रांगा खांद्यापर्यंत चढल्या. फोड आलेत. एक दाबला— आत काचेसारखा कण— पाय होते त्याला. वळवळत होता. हात कोरडा पडला की आग होते. ओलं फडकं ठेवलं की बरं वाटतं.

१२ मार्च
पळालो. वळणावर बायका उभ्या, हातात कोयते. विलिसी शांतपणे म्हणाली, "रस्ता चुकलात दादा. ओढा मागे आहे."

१३ मार्च
बुबू आली. सुवाला कुणीच गेलं नाही म्हणाली. तिचा नवराही नाही. "घाबरू नकोस रे. पाण्यात उतरलास की दुखत नाही."
दारावर टाचण्या. आतही—

१४ मार्च
ओढ्यावर आहे. कसा आलो— आठवत नाही. वही दगडावर. पाय पाण्यात सोडले आणि आग थांबली. पोटरीची कातडी उसवते आहे. त्या बाहेर येतायत. दुखत नाही. अजिबात दुखत नाही— उठायला हवं. आत्ता. पाय उच—