काडीचं दुसरं टोक

थळ, ता. ११ नोव्हेंबर १९३१, बुधवार

राहीचा नमस्कार. मी खुशाल आहे. तुम्ही सुखरूप आहात हे वाचून जीव भांड्यात पडला.

तुमचं पत्र काल नलूवहिनीने पदराखालून आणून दिलं. मास्तरांच्या पत्त्यावर पाठवलंत, शहाणपण केलंत. आधीची चार कुठे गेली ते विचारू नका. आबांच्या चुलीला ठाऊक.

दोन वर्षांनी आगबोट मुंबईला लागली आणि तुम्ही विचारता काय, तर "तू अजून माझीच ना?" खुळे आहात अगदी. पुढच्या सफरीची सही खुशाल करा. यंदा जवळा उदंड आलाय, वाळवता वाळवता हात सोलवटतात एवढंच.

एक गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी सांगते. तुम्ही एडनला दुसरं घर केलंत, असं आबांनी, माझ्या सख्ख्या बापाने, पंचांना सांगितलं. आबांची होडी फुटली. बुधाजी नाखवा त्यांना आपल्या होडीवर घेईल, पण मी त्याच्याशी पाट लावला तर. म्हणून परवा काडीमोड करायला पंच बसले. भाताच्या काडीचं एक टोक माझ्या हातात, तुमचं टोक धरायला तुमचेच सदूभाऊ.

मी म्हटलं, "भावजी, तुमी तरी टोक सोडा वो."

"मला गावात ऱ्हायचं हाय, वयनी," म्हणाले. वर बघितलं नाही.

मी जवळा धुताना तशीच उठून गेले होते. ओल्या हातात काडी भिजली. वाकली, पण मोडेना. पंच एकमेकांची तोंडं बघायला लागले आणि मला चक्क हसू आलं.

इतकंच लिहायचं ठरवलं होतं.

मग बाबाजी पंचांनी सुकी काडी मागवली. आबांनी माझी मूठ वरून आवळली. मोडली. मी ती मोडलेली नाही हो, माझ्या हातात मोडली. तुम्हाला हा फरक कळेल, इथे कुणाला कळत नाही.

तेव्हापासून मी जाळ्यांच्या खोलीत आहे. बाहेरून कडी. सोमवारी पाट. वहिनी खिडकीतून भाकरी देते. हे पत्र ती उद्या मुंबईला मासळी नेणाऱ्या भागुबाईकडे देईल.

कुठेही कोंडलं तरी मी तुमचीच, काळजी करू नका, असं लिहून तुम्हाला सफरीला जाऊ द्यावं म्हणून कागद घेतला होता. पण मला फार भीती वाटते. सही करू नका. सोमवारच्या आत या.

तुमची लग्नाची बायको,
राही