डब्याखालचं हमीपत्र

चि. कादंबरी,

माझी साखर बंद म्हणून तिचा डबा सर्वांत वरच्या फळीवर ठेवून तू इंटर्नशिपसाठी बंगळुरूला गेलीस, हा बापावर घोर अन्याय आहे.

आता तिथेच तुला पाच वर्षांची संशोधन शिष्यवृत्ती मिळतेय. फक्त माझ्या सहीचं हमीपत्र हवंय.

"बाबा, कागद आला का?" तू विचारतेस.

"कुरिअरवाला अजून कोथरूड शोधतोय."

कागद आठ दिवसांपूर्वीच आला. स्टुलावर चढून मीच तो डब्याखाली ठेवला. एरवी फक्त रविवारी येणारा तुझा फोन त्यामुळे रोज येऊ लागला.

शुक्रवारी मुदत संपते. आज सही करून कागद पाठवला. साखरेला हात लावला नाही. डब्याखालच्या रिकाम्या जागेत हे पत्र ठेवतोय.

रविवारची वाट पाहणारा,
बाबा