दगडफूल जळलं

आई, आज तुझ्या पद्धतीने गोडा मसाला करायला घेतला आणि दगडफूल जाळून बसले. ते मुळातच काळपट, भाजलेलं काय नि जळलेलं काय, डोळ्यांना सारखंच. "नाक सांगेल तेव्हा उतरवायचं," असं तू म्हणायचीस. लक्ष्मी गेट मोहल्ल्यातल्या आपल्या चार मराठी घरांचा वर्षाचा मसाला तूच करून द्यायचीस, आणि त्याचा केवढा तोरा होता तुला!

तो शेवटचा चैत्र आठवतो. मला तिसरा महिना, मी माहेरी आलेली. अंगाच्या साबणाचासुद्धा वास सोसत नव्हता. तू कढईपाशी उभी आहेस आणि मला हाक मारते आहेस, "इकडे ये गं, झालं का सांग." मी नाकाला पदर लावून ओरडले, "मला इथे उमळून येतंय आणि तुला मसाला सुचतोय! जन्म गेला तुझा यात, तुझं तू बघ ना." तू पुन्हा कढईकडे वळलीस. मसाला कडू झाला. शेजारच्या काकूंनी डबा परत पाठवला, तेव्हा एवढंच म्हणालीस, "गॅस मोठा राहिला." त्यानंतर तू मसाला केलाच नाहीस. मला वाटलं, कंटाळलीस.

पाळी गेल्यापासून मला वास नीट येत नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "हॉर्मोन का असर हो सकता है, कई औरतों को होता है." दिवस असताना काहींचं नाक उलट फार तिखट होतं, हेही त्यांनीच सांगितलं. रिक्षात बसल्या बसल्या मी वर्षं मोजली. त्या चैत्रात तू माझ्या आत्ताच्या वयाची होतीस. तुला वास येत नव्हता आणि मला नको इतका येत होता. तू घटकाभर माझं नाक मागत होतीस, आई, आणि मी ते दिलं नाही. फार लाज वाटते.

आता घरात मराठीत बोलायला कुणी नाही. लेकीला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. तिला सध्या दिवस आहेत. आज ती आतल्या खोलीतून धावत आली, "मम्मी, जल रहा है! आपको पता नहीं चला?" तिला शेजारी उभं करावं, झालं का विचारावं, असं फार वाटलं. पण मी म्हणाले, "गैस तेज़ रह गई." ती नाक दाबून परत गेली.

हा कागद कुठे पाठवायचा, म्हणून मसाल्याच्या रिकाम्या डब्यात ठेवते आहे. लेकीला खरं सांगणार होते गं. पण मी तुला जे बोलले, तेच ती मला बोलेल, याची भीती वाटली.