तुमच्या कपाटातली कॅसेट

सर, तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, आणि तुमच्या कपाटातली एक कॅसेट अजून माझ्याकडे आहे. आजारपणात तुम्ही विचारलं होतंत, "अरे, तू चुकून नेलीस का?" मी नाही म्हणालो. तुम्ही बहिणीला सगळं घर उपसायला लावलंत.

बदलापूरच्या तुमच्या दोन खोल्या, रविवारची दुपार, पंखा बंद, कारण त्याची घरघर टेपवर येते. मी बाविशीचा. उल्हासनगरच्या एका सिंधी मुलापायी बी.एस्सी. अर्धवट सोडलेली, आणि त्याची सगाई झाली त्या दिवशी त्याच्या दुकानासमोर मारामारी करून आलेलो. तुम्ही एवढंच म्हणालात, "गाढवा, कॉलेज सोडलंस ते सोडलंस. तो मुलगा तरी राहिला का?" मुंबईतला एक गट तेव्हा आपल्यासारख्या समलिंगी माणसांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून टेप करत होता. उद्या कायदा बदला म्हणायचं तर आधी आपण आहोत हे ऐकू यायला हवं, असं ते म्हणायचे. मी त्यांचं मशीन घेऊन फिरत होतो. नियम असा, की नावं पुसून टाकायची. तुम्ही उलटं सांगितलंत. "माझं पूस. त्याचं राहू दे. बावीस वर्षं मी त्याला चारचौघांत 'आमचे शेजारी' म्हणत आलो. त्याला स्मशानात नेलं तेव्हाही शेजारी म्हणूनच मागे चाललो." अंबरनाथच्या कारखान्यात फोरमन होते ते, काविळीने गेलेले. त्यांचं नाव तुम्ही घेतलंत आणि नेमकी तेव्हाच माझी स्वस्तातली कॅसेट मशीनमध्ये गुंतली.

तुम्ही चहा टाकायला आत गेलात. मला वाटलं, आता यांचा धीर सुटेल, परत बोलणार नाहीत. कपाटात हाताला लागली ती कॅसेट काढली. तिचे मागचे दोन्ही लॉक तोडलेले होते. म्हणजे यावर पुन्हा काही भरू नका, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळलं, सर. नाटकाची गाणी असतील म्हणून भोकांवर चिकटपट्टी लावली आणि बटण दाबलं. तुम्ही कप घेऊन आलात, बसलात, त्यांचं नाव पुन्हा घेतलंत आणि अर्धा तास बोललात.

घरी येऊन ऐकलं. शेवटी तुम्ही म्हणता, "आपलं काही चुकलं का, हे त्याला विचारायचं राहूनच गेलं." मग बटणाचा खटका, थोडी खरखर, आणि तुमच्या बोलण्यातून पुसायचा राहिलेला एक आवाज: "काय लावलंय मघापासून? चहा निवतोय. ये आता." मागून तुमचं हसणं, तरुण. घरी नवीन टेपरेकॉर्डर आणला तेव्हा तुम्ही दोघांनी गंमत म्हणून भरलेली टेप असणार ती. त्यांचा आवाज जगात तेवढाच उरला होता, आणि मी तो त्यांच्याच गोष्टीने पुसला. राहिली तीन वाक्यं.

सुरुवातीला खटका आणि तो आवाज यांच्यामध्ये मी आठ आकडे मोजायचो. मागच्या दिवाळीत पाच झाले. आता तीन म्हणेपर्यंत ते बोलतात. उल्हासनगरच्या रिपेअरवाल्याला दाखवली. तो म्हणाला, "टेप खिंच गया है, भाई." मी म्हटलं, "ताणली तर वेळ वाढेल ना? कमी कसा होईल?" त्याने कॅसेट उलटीसुलटी केली आणि परत दिली. शेवटच्या शब्दाला तुमचा आवाज आता थोडा घाई करतो, जणू मध्येच कुणी तोंड उघडलंय.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या खोल्यांत दुसरंच बिऱ्हाड आहे. गटाला मी सांगितलं, ती कॅसेट खराब झाली. म्हणजे तुम्हाला जे हवं होतं, त्यांचं नाव कुणाच्या तरी कानावर पडावं, ते मीच अडवून ठेवलंय. भीती वगैरे काही नाही, सर. मला 'ये आता' असं कुणी कधी म्हटलं नाही. ते म्हणतात तेव्हा मी उठून उभा राहतो.